कागदावरचे झाड आणि खेळणाऱ्याचे बोल

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचायला बसताना चौकटींची वही, पेन्सिल आणि खोडरबर जवळ घ्या. लेखात एक छोटा खेळ आहे. तो आधी खेळायचा आणि मग पुढचे वाचायचे. खेळाचे उत्तर शेवटी दिले आहे. पण ते आधीच पाहिलेत तर लेखातली निम्मी गंमत जाईल.

खेळ माझा नाही. मी ज्यांना पदार्थविज्ञान शिकवते अशा दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी तो संगणकावर तयार केला, तोही अवघ्या दोन दिवसांत. तयार झाल्यावर त्यांनी तो इतरांना खेळायला दिला. खेळणाऱ्यांनी काही सांगितले, काही सांगितले नाही. त्या सांगण्यातून आणि न सांगण्यातून पदार्थविज्ञानातील एक जुनी कल्पना मला नव्याने समजली. ती कल्पना म्हणजे 'प्रत्याभरण'. इंग्रजीत तिला 'फीडबॅक' म्हणतात, आणि हा शब्द आता तुमच्याही बोलण्यात आहे. पण त्याचा खरा अर्थ काय, हे आपण एका झाडाच्या मदतीने पाहू या.

दोन दिवसांत एक खेळ

संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या मंडळींत 'गेम जॅम' नावाची प्रथा आहे. जॅझ संगीताचे वादक फारशी पूर्वतयारी न करता एकत्र जमतात आणि सुचेल तसे वाजवतात. अशा बैठकीला 'जॅम' म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. जॅमच्या सुरुवातीला एक विषय जाहीर होतो आणि ठरलेल्या वेळात, बहुधा ४८ तासांत, त्या विषयावर एक खेळ तयार करायचा असतो.

'लुडम डेअर' ही अशी एक प्रसिद्ध स्पर्धा २००२ साली सुरू झाली. हे शब्द लॅटिन असून त्यांचा अर्थ 'खेळ देणे' असा होतो. 'ग्लोबल गेम जॅम' २००९ साली सुरू झाला आणि त्यात अनेक देशांतील मुले-माणसे एकाच वेळी भाग घेऊ लागली. डिसेंबर २०१५ च्या लुडम डेअरमध्ये दोन विषयांना सारखीच मते पडली, म्हणून दोन्ही विषय देण्यात आले: 'वाढ' आणि 'दोनच बटणे'. स्पर्धा संपल्यावर भाग घेणारे एकमेकांचे खेळ खेळतात, गुण देतात आणि अभिप्राय लिहितात. गुण केवळ मजेला नसतात. नावीन्य, चित्रे, आवाज आणि खेळातले वातावरण यांनाही वेगळे गुण असतात. त्यामुळे धावपळ, मारामारी नसलेल्या, मनाला निवांत करणाऱ्या खेळालाही तेथे मान मिळतो.

आमच्या महाविद्यालयातील मुलांनी आपसात असाच एक छोटा जॅम भरवला होता. विषय 'वाढ' हाच होता. या दोघांनी झाड वाढवण्याचा एक शांत खेळ करायचे ठरवले.

खेळाचे नियम

वहीवर पाच उभे रकाने आणि पाच आडव्या ओळी असलेला चौरस आखा. रकान्यांना डावीकडून क, ख, ग, घ, च अशी नावे द्या. ओळींना खालून वर १ ते ५ असे आकडे द्या. म्हणजे सर्वांत खालच्या ओळीतील मधली चौकट 'ग१' झाली. तेथे आपले रोप आहे. सर्वांत वरच्या ओळीत क५, ग५ आणि च५ या चौकटींत एकेक कळी काढा. फांदी कळीच्या चौकटीत पोहोचली की फूल उमलते. तिन्ही फुले उमलवायची आहेत.

१. प्रत्येक खेपेला झाडाचा कोणताही एक शेंडा निवडायचा. ज्याच्यापुढे अजून वाढ झालेली नाही तो शेंडा. सुरुवातीला ग१ हा एकच शेंडा आहे.

२. शेंडा सरळ वरच्या चौकटीत वाढवता येतो. त्याला पाण्याचा एक थेंब लागतो.

३. नाहीतर शेंड्याला बेचके फुटू देता येते. मग वरच्या ओळीत एक फांदी तिरकी डावीकडे आणि एक तिरकी उजवीकडे, अशा दोन फांद्या एकदम फुटतात. उदाहरणार्थ, ख२ ला बेचके फुटले तर क३ आणि ग३ या दोन्ही चौकटी भरतात. त्याला दोन थेंब लागतात. एकच बाजू निवडता येत नाही.

४. एका चौकटीत एकच फांदी राहते. बेचक्याच्या दोन चौकटींपैकी एक जरी आधीच भरलेली असेल किंवा चौरसाच्या बाहेर जात असेल, तर बेचके फुटत नाही.

५. जवळ एकूण बारा थेंब आहेत. घड्याळ नाही, गुण नाहीत, कोणी शत्रू नाही. एखादा शेंडा न वाढवता तसाच सोडला तरी चालतो.

आता लेख बाजूला ठेवा आणि दोन-तीन वेळा खेळून पाहा. जमले नाही तरी खोडू नका. ते झाड तसेच राहू द्या. आपल्याला त्याचे काम आहे.

हे नियम आले कुठून?

साधा नियम पुन्हा पुन्हा लावून झाड वाढवण्याची कल्पना नवी नाही. हंगेरीत जन्मलेले जीवशास्त्रज्ञ अरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ साली वनस्पतींची वाढ अशा नियमांत मांडली. 'या पेशीच्या जागी पुढच्या पायरीला या दोन पेशी येतात' अशा धर्तीचे त्यांचे नियम होते. हे नियम पायरीपायरीने लावत गेले की शैवालाच्या तंतूपासून डेरेदार झाडापर्यंत अनेक आकार मिळतात. संगणकावर झाडांची चित्रे काढण्यासाठी ही पद्धत पुढे फार उपयोगी पडली.

समजा, प्रत्येक शेंड्याला प्रत्येक पायरीवर बेचके फुटले. मग शेंड्यांची संख्या १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाईल आणि दहाव्या पायरीनंतर १०२४ शेंडे होतील! पण आपल्या चौरसात जागा थोडी आहे आणि एका चौकटीत एकच फांदी मावते. त्यामुळे एका फांदीची वाढ दुसरीची वाट अडवते. या अडवणुकीमुळेच नुसत्या वाढीचे कोडे होते.

"छान आहे!"

खेळ तयार झाला तेव्हा दोघांचे डोळे जागरणाने लाल झाले होते, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच जणांना खेळायला बसवले. मी शेजारी वही घेऊन बसले आणि प्रत्येकाबद्दल दोन गोष्टी लिहीत गेले. एक, तो काय म्हणाला. आणि दुसरी, त्याने काय केले.

ग्रंथालयातील शिपाई काका म्हणाले, "छान आहे. बरं वाटतं बघायला." त्यांना एकच फूल उमलवता आले. त्यांनी पुन्हा खेळ मांडला नाही. पण अपुरे झाडच वाऱ्यावर डुलत होते, ते मात्र बराच वेळ पाहत बसले.

रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक म्हणाले, "याला घड्याळ लावा. त्याशिवाय चुरस कशी येणार?" त्यांनी दोनदा खेळून, दोन्ही वेळा अडकून, खेळ सोडला.

पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी म्हणाली, "कुठं चुकलं तेच कळलं नाही." ती चार वेळा खेळली आणि चारही वेळा जवळजवळ त्याच क्रमाने खेळून त्याच जागी अडकली.

एका विद्यार्थ्याने दुसऱ्याच खेपेला तिन्ही फुले उमलवली आणि म्हणाला, "सोपा आहे." नंतर त्याने खेळाकडे पाहिलेही नाही.

पाचवी माझी मुलगी. ती आठवीत आहे. तिने ग१ ला बेचके फुटू दिले. ख२ आणि घ२ भरले. मग ख२ ला बेचके. क३ आणि ग३ भरले. ग३ वरून सरळ ग४, ग५, आणि मधले फूल उमलले! क३ वरून सरळ क४, क५, आणि दुसरे फूल उमलले! मग ती उजवीकडे वळली. घ२ वरून घ३, घ४, आणि तेथे झाड थांबले. तिने दोन-तीनदा बटण दाबले. मग मला म्हणाली, "आई, अजून दोन थेंब आहेत ना? मग फांदी का फुटत नाही?"

वहीतील आपले झाड पाहा बरे! तुमच्यापैकी बरेच जण नेमके येथेच अडकले असतील.

तिचा प्रश्न संपतो न संपतो तोच खेळ करणाऱ्यांपैकी एक जण उत्तरला, "अगं, मधल्या फांदीनं जागा अडवलीय ना! नियमात लिहिलंय की." त्याच्या आवाजात थोडा राग होता. दोन दिवस खपून केलेल्या वस्तूत कोणी खोट काढली की असा राग येतो. मी त्याला हळूच विचारले, "हा खेळ जो जो खेळेल त्याच्या घरी तू समजावून सांगायला जाणार आहेस का?" तो हसला आणि गप्प बसला. त्यानंतर आम्ही एक नियम केला: खेळणारा खेळत असताना करणाऱ्याने एक शब्दही बोलायचा नाही. प्रयोग चालू असताना तापमापीला आपण बोटाने ऊब देत नाही, तसेच हे आहे.

प्रत्याभरण म्हणजे काय?

आता थोडे पदार्थविज्ञान पाहू. जेम्स वॉट याने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला एक नियंत्रक बसवला. त्यात एका उभ्या दांड्याभोवती दोन जड गोळे फिरतात. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि त्यांना जोडलेल्या तरफांमुळे वाफेची झडप थोडी बंद होते. वेग कमी होतो. वेग फार कमी झाला की गोळे खाली येतात आणि झडप पुन्हा उघडते. म्हणजे इंजिनाने जे केले त्याची बातमी इंजिनाकडेच परत येते आणि त्याचे पुढचे काम बदलते. परिणामाने परत फिरून कारणावर काम करणे, याला प्रत्याभरण म्हणतात. येथे वेगातील बदलाला विरोध होतो, म्हणून हे ऋण प्रत्याभरण होय.

याउलट सभागृहात ध्वनिक्षेपक कर्ण्यासमोर आला तर काय होते? कर्ण्यातला आवाज ध्वनिक्षेपकात शिरतो, मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून येतो, पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरतो. क्षणात कानठळ्या बसवणारी शिट्टी ऐकू येते. येथे बदलाला साहाय्य होते. हे धन प्रत्याभरण होय.

ही व्याख्या लक्षात ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. नुसते मत म्हणजे प्रत्याभरण नव्हे. ज्या बातमीने पुढचे काम बदलते तेच प्रत्याभरण. "छान आहे" या शब्दांनी करणाऱ्याला बरे वाटते, पण झडप उघडायची की बंद करायची हे त्यातून कळत नाही. "दोन थेंब आहेत, मग फांदी का फुटत नाही?" हा प्रश्न मात्र झडपेपर्यंत पोहोचतो.

उशिरा येणारे उत्तर

मुलीचे झाड नेमके केव्हा बिघडले, हे आम्ही मागे मागे जाऊन पाहिले. ते घ४ ला अडकले. पण चूक तेथे झाली नव्हती. घ२, घ३ किंवा घ४ यांपैकी कोठूनही बेचके फुटायचे तर डावी फांदी अनुक्रमे ग३, ग४ किंवा ग५ मध्ये जायला हवी. ग३ आणि ग४ भरल्यावरही ग५ मोकळी होती, तोवर वाट शिल्लक होती. ज्या खेळीने ग५ भरली त्याच खेळीने च५ ची वाट कायमची बंद झाली. म्हणजे मधले फूल उमलले म्हणून ती आनंदली, त्याच क्षणी खेळ हातचा गेला होता. ते तिला कळले चार थेंब खर्चल्यावर.

प्रत्याभरण मिळाले, पण उशिरा मिळाले. उशिराचे प्रत्याभरण किती फसवे असते हे तुम्ही स्नानगृहात अनुभवले असेल. गिझरचा नळ उघडला तरी पाणी थंडच येते, कारण नळीतील थंड पाणी आधी निघून जायचे असते. आपण नळ आणखी उघडतो. मग एकदम कढत पाणी येते. घाईने नळ बंद करतो, तर थोड्या वेळाने पुन्हा थंड! हात बरोबर काम करत असतो. बातमी मात्र मागच्या क्षणाची असते. वॉटच्या धर्तीचे नियंत्रकही कधी कधी असेच हेलकावे खात. ते केव्हा स्थिर राहतात आणि केव्हा नाही, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली मांडले. विद्युत्-चुंबकीय लहरींचे गणित मांडणारे ते हेच मॅक्सवेल.

चार वेळा एकाच जागी अडकलेली विद्यार्थिनी निष्काळजी नव्हती. चूक आणि तिचा परिणाम यांत इतके अंतर होते की दोघांचा संबंध तिला लावता येत नव्हता. "कुठं चुकलं तेच कळलं नाही" हे तिचे बोलणे अक्षरशः खरे होते.

तक्रार खरी, पण उपाय?

आता या बोलांचे करायचे काय? आमच्या दोघा विद्यार्थ्यांनी प्रथम सोपा उपाय केला. लोक अडकतात, तर पाणी वाढवू या! बाराऐवजी पंधरा थेंब दिले आणि नव्या खेळाडूंना बसवले. ते त्याच जागी अडकले. फरक एवढाच, की आता दोनऐवजी पाच थेंब शिल्लक होते. हा प्रयोग फसला, पण वाया गेला नाही. अडचण पाण्याची नाही हे त्याने सिद्ध केले.

मग थेंब पुन्हा बारा केले आणि सूचना लांबलचक लिहून पाहिल्या. खेळाडूंनी त्या वाचल्याच नाहीत.

येथे दोघांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी एका वेळी एकच बदल केला. पाणी आणि सूचना एकदम बदलल्या असत्या, तर कशाचा काय परिणाम झाला ते कळले नसते. लंबकाचा आवर्तकाल मोजताना आपण लांबी आणि गोळा एकदम बदलत नाही, ते याच कारणासाठी.

तिसरा बदल कामी आला. एखाद्या कळीपर्यंत एकही वाट उरली नाही की ती कळी त्याच क्षणी कोमेजायची. शिवाय 'एक पाऊल मागे' असे बटण दिले. आता ग५ मध्ये फांदी शिरताच उजवीकडची च५ ची कळी मान टाकी. खेळाडू चमके, मागे येई, विचार करी आणि दुसरी वाट धरी. सूचनेचा एकही शब्द न वाढवता नियम समजू लागला, कारण उत्तर वेळेवर येऊ लागले.

तरीही काम संपले नाही. एका नव्या खेळाडूने खोड सरळ ग२, ग३ असे वाढवले. एकही कळी कोमेजली नाही, आणि तरी शेवटी एक फूल राहिलेच. तेथून क५ ला वाट होती, च५ लाही होती. पण दोघींना मिळून नव्हती! कळी एकेकीचाच विचार करत होती. म्हणून मग एकाऐवजी हवी तितकी पावले मागे जाता येतील अशी सोय केली. प्रत्याभरण एकदा घेऊन भागत नाही. ते फेऱ्याफेऱ्यांनी घ्यावे लागते.

आणि घड्याळाची सूचना? ती आम्ही घेतली नाही. प्राध्यापकांना खेळ कंटाळवाणा वाटला हे खरे निरीक्षण होते, त्याचा मान ठेवायलाच हवा. पण घड्याळ हा त्यांनी सुचवलेला उपाय होता, आणि त्याने शिपाई काकांचे ते निवांत पाहत बसणे नाहीसे झाले असते. रोगी 'पोट दुखते' म्हणतो ते डॉक्टर मान्य करतात. पण औषध रोग्याला विचारून ठरवत नाहीत. 'सोपा आहे' आणि 'चुरस नाही' या दोन्ही तक्रारींवर निराळा उपाय सापडला. बारा थेंबांत फुले उमलली की पडद्यावर एकच ओळ येते: 'हेच नऊ थेंबांत जमेल का?' ज्याला हवे त्याने प्रयत्न करावा. ज्याला नको त्याने झाड डुलताना पाहावे. ज्याने खेळाकडे पाठ फिरवली होती तो विद्यार्थी त्या ओळीपाशी अर्धा तास बसला होता.

खऱ्या झाडाचा शेंडा

मधली फांदी लवकर वाढली तर बाजूच्या फांदीची वाट अडते, हे आपण खेळात पाहिले. खऱ्या झाडातही शेंडा बाजूच्या फुटव्यांना रोखून धरतो, मात्र निराळ्या रीतीने. शेंड्याच्या कोवळ्या भागात ऑक्झिन हे संप्रेरक तयार होऊन खोडातून खाली वाहते. त्याच्या प्रभावाने खोडावरचे बाजूचे डोळे निद्रिस्त राहतात. वाढता शेंडा साखरेचा मोठा वाटा ओढून घेतो, त्याचाही यात भाग असतो असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे. शेंडा खुडला की ही रोख उठते आणि डोळे फुटतात. म्हणूनच माळी झेंडूचे शेंडे खुडतो आणि शेतकरी तुरीची शेंडेखुडणी करतो. फुटवे वाढतात आणि झाड पसरते.

झाड प्रकाशाचीही बातमी घेते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले आणि ते १८८० साली प्रसिद्ध केले. कोंबाच्या टोकाला प्रकाश लागू दिला नाही तर कोंब प्रकाशाकडे वळत नाही, असे त्यांना दिसले. वळण येते खालच्या भागाला, पण बातमी घेते टोक. झाडाच्या वाढीत बातमी आणि दुरुस्ती सतत चालू असते. घाई नसते, पण थांबणेही नसते.

शिक्षकांसाठी दोन शब्द

हा सारा प्रकार पाहत असताना मला माझाच वर्ग आठवत होता. मी फळ्यावर एखादे सूत्र सिद्ध करते, वळून विचारते, "समजलं का?" आणि साठ मुले म्हणतात, "हो मॅडम." हे उत्तर म्हणजे शिपाई काकांचे 'छान आहे' होय. त्यात आदर असतो, बातमी नसते. खरी बातमी मिळते ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून, काही महिन्यांनी, जेव्हा तो धडा मागे पडलेला असतो आणि कळी केव्हाच कोमेजलेली असते.

तेव्हापासून मी 'समजलं का?' विचारणे कमी केले आहे. तासाच्या मध्ये एक लहान उदाहरण देते, तीन मिनिटे गप्प राहते आणि बाकांमधून फिरते. कोण काय म्हणतो यापेक्षा कोणाची पेन्सिल कोठे थांबते ते पाहते. एकाच पायरीवर दहा पेन्सिली थांबल्या असतील, तर चूक दहा जणांची नसते. माझ्या सांगण्यात एक पायरी गळलेली असते. सुरुवातीला हे मान्य करणे जड गेले. त्या दोन दिवस जागलेल्या मुलाचा राग मला चांगला समजू शकतो, तो यामुळे.

करून पाहा

१. खोड सरळ ग३ पर्यंत नेले तर तिन्ही फुले कधीच उमलू शकत नाहीत. का, ते शोधा.

२. तिन्ही फुले नऊ थेंबांत उमलवा. आठ थेंबांत का जमणार नाही, याचे कारण लिहा.

३. हा खेळ घरातील तीन जणांना द्या. एकाही खुणेने मदत करू नका. वहीत दोन रकाने आखा: 'काय म्हणाले' आणि 'काय केले'. दोन्ही रकाने कोठे जुळत नाहीत ते पाहा.

४. आता दुसऱ्या तिघांना खेळू द्या, पण या वेळी तुम्ही कळीचे काम करा. वाट बंद होताच त्या कळीवर पेन्सिलीने फुली मारा आणि मागे जाण्याची मुभा द्या. काय फरक पडला?

५. सात रकाने आणि सात ओळींचा चौरस घेऊन कळ्यांच्या जागा तुम्ही ठरवा. कोडे सुटते याची आधी स्वतः खात्री करून घ्या.

उत्तर

नऊ थेंबांचा मार्ग असा: ग१ वरून सरळ ग२ (१ थेंब). ग२ ला बेचके: ख३, घ३ (एकूण ३). ख३ ला बेचके: क४, ग४ (५). घ३ वरून सरळ घ४ (६). घ४ ला बेचके: ग५, च५ (८). क४ वरून सरळ क५ (९). ग४ चा शेंडा तसाच सोडायचा. याची आरशातली प्रतिमा हेही उत्तर बरोबर.

याहून कमी थेंबांत का नाही? क५ ला पोहोचण्यासाठी दोनदा डावीकडे आणि च५ साठी दोनदा उजवीकडे वळावे लागते. पहिले बेचके दोघांना सामाईक असते. पुढची दोन बेचकी एकाच ओळीत फुटली तर त्यांच्या आतल्या फांद्या 'ग' रकान्यात एकाच चौकटीत येतील, आणि ते नियमात बसत नाही. म्हणून तीन बेचक्यांसाठी तीन निरनिराळ्या पायऱ्या हव्यात. एकूण पायऱ्या चार. म्हणजे खोड जास्तीत जास्त एक पायरी सरळ जाऊ शकते. मग चार पायऱ्यांना अनुक्रमे १, २, ३ आणि ३ थेंब लागतात. बेरीज नऊ.